तोट्यातले आगार, की तोट्याचे गणित?

एसटीचे आगार असो, शाळा असो, बँक असो वा वीज कंपनी. कार्यक्षम कोण आणि अकार्यक्षम कोण, याचा निवाडा हल्ली आकडे करतात. हे आकडे ज्या गणितातून येतात ते समजून घेतले, तर खरा वाद गणिताचा नसून गणितात काय धरायचे याचा आहे, हे ध्यानात येते.

'तोट्यातील आगारे' ही बातमी मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला नवी नाही. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या विभागांची, आगारांची यादी हाती येते; नफ्यातली नावे वर, तोट्यातली खाली. तळाच्या नावांवर 'अकार्यक्षम' असा शिक्का कोणी उघडपणे मारत नाही, पण तो आपोआप बसतो. मग आगार व्यवस्थापकाकडून खुलासा मागवला जातो, कमी भारमानाच्या फेऱ्या बंद करण्याचा विषय निघतो आणि डोंगरातल्या एखाद्या वाडीची मुक्कामी गाडी एक दिवस येईनाशी होते. अशी यादी छापताना आम्ही वार्ताहर मंडळीही एक प्रश्न सहसा विचारत नाही : हा क्रम लावला कशाने?

हा प्रश्न आताच विचारण्याला कारण आहे. राज्य सरकारने जून २०२५मध्ये एसटीच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका काढली आणि महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे त्यातून अधिकृतपणे जाहीर झाले. त्याआधी जानेवारी २०२५मध्ये प्रवासभाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. २०२१-२२मधल्या काही महिन्यांच्या संपाने तुटलेला प्रवासी परत आणणे हे तर वेगळेच आव्हान होते. एवढा मोठा खड्डा बुजवायचा तर काटकसर अटळ आहे आणि काटकसर करायची तर साधनांचा अपव्यय कोठे होतो हे शोधणेही अटळ आहे. कार्यक्षमतेचा हिशेब हा त्यामुळे केवळ तज्ज्ञांचा विषय राहत नाही. तो चुकला, तर कुऱ्हाड भलत्याच झाडावर पडते.

नफा म्हणजे कार्यक्षमता नव्हे

एसटीची सुमारे अडीचशे आगारे आहेत आणि ती ३१ विभागांत विभागलेली आहेत. त्यांतले एखादे आगार महामार्गालगत असते. त्याच्या गाड्या शहराशहरांत धावतात, दिवसभर भरलेल्या असतात. दुसरे आगार घाटात असते. त्याच्या गाड्या सकाळी शाळेची मुले आणतात, दुपारी बाजारकरूंना घेऊन जातात, रात्री शेवटच्या गावी मुक्काम करतात. पहिल्याच्या तिकीट यंत्रात जमा होणारी रक्कम दुसऱ्यापेक्षा मोठी असणार, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

शिवाय उत्पन्नाच्या कितीतरी चाव्या आगाराच्या हाती नसतातच. भाड्याचा दर आगार ठरवत नाही. कोणाला सवलत द्यायची हेही ते ठरवत नाही. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३पासून निम्मे भाडे हे निर्णय मंत्रालयात झाले. रस्ता खड्ड्यांचा आहे की चौपदरी, शेजारून वडापच्या जीपगाड्या धावतात की नाही, यावरही आगार व्यवस्थापकाचा अधिकार चालत नाही. मग केवळ नफ्या-तोट्याच्या रांगेवरून त्याच्या कार्यक्षमतेबद्दल बोलणे म्हणजे कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची हुशारी त्यांच्या शिवारात पडलेल्या पावसावरून ठरवण्यासारखे आहे.

कार्यक्षमतेची शास्त्रीय व्याख्या साधी आहे : हाती असलेल्या साधनांतून किती फलित निघाले? एकच साधन आणि एकच फलित असेल तर भागाकार पुरेसा होतो. एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, एवढे काढले की झाले. अडचण येते ती साधने अनेक आणि फलितेही अनेक असतात तेव्हा. बस, चालक-वाहक, कार्यशाळेतले कामगार, डिझेल ही सारी साधने. तिकिटाचे उत्पन्न, प्रवासी, शाळेत पोचलेली मुले, जोडलेली गावे ही सारी फलिते. यांची बेरीज करायची कशी? एक विद्यार्थी बरोबर किती रुपये? या प्रश्नाशी गेली सहा-सात दशके झगडणारी एक गणिती पद्धत जगभर वापरली जाते आणि तिची ओळख सर्वसामान्य वाचकाला असणे आता गरजेचे झाले आहे.

फॅरेल, चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स

मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९५७मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. कारखान्याची तुलना अभियंत्याच्या कागदावरील आदर्शाशी करू नका, प्रत्यक्षात काम करणाऱ्या सर्वोत्तम कारखान्यांशी करा, हे त्याचे सूत्र. कोणीतरी खरोखर करून दाखवलेले असेल, तेच माप इतरांना लावायचे. उदाहरणादाखल त्याने अमेरिकेतील ४८ राज्यांच्या शेतीचा हिशेब मांडला होता.

ही कल्पना अनेक फलितांच्या संस्थांना लागू करायला वेगळे हत्यार हवे होते. ते लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे मर्यादित साधनांची सर्वांत फायदेशीर वाटणी शोधणाऱ्या गणिताच्या रूपाने तयारच होते. सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९मध्ये प्लायवूड कारखान्यातल्या यंत्रांच्या वाटणीचा प्रश्न सोडवताना त्याचा पाया घातला आणि अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७मध्ये ती समीकरणे पायरीपायरीने सोडवण्याची 'सिम्प्लेक्स' रीत दिली. कांतोरोविच यांना पुढे १९७५चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर आणि एडवर्डो ऱ्होड्स या तिघांनी १९७८मध्ये या दोन धाग्यांची गाठ मारली. त्यांच्या पद्धतीला पुढे 'डेटा एनव्हलपमेंट अ‍ॅनालिसिस', थोडक्यात 'डीईए', हे नाव पडले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिचा जन्म नफ्याच्या शोधात झाला नाही. ऱ्होड्स तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि त्यांच्यापुढे अमेरिकेतील गरीब व वंचित मुलांसाठीच्या 'प्रोग्रॅम फॉलो थ्रू' या सरकारी शिक्षण कार्यक्रमाची आकडेवारी होती. शाळेला नफा नसतो. मग चांगली शाळा ओळखायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

चार आगारांचा हिशेब

ही पद्धत काय करते, हे समजण्यासाठी चार काल्पनिक आगारे घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून साधन एकच धरू, बस. आणि फलिते दोन : प्रत्येक बसमागे दिवसाचे उत्पन्न आणि प्रत्येक बसमागे आडगावांच्या फेऱ्या. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

'अ' आगार महामार्गावरचे आहे. एका बसमागे उत्पन्न १२ हजार रुपये, आडगावांच्या फेऱ्या दोन. 'ब' घाटातले आहे. उत्पन्न सहा हजार, फेऱ्या आठ. 'क' तालुक्याच्या गावचे आहे. उत्पन्न सात हजार दोनशे, फेऱ्या चार. 'ड' शहराजवळचे आहे. उत्पन्न नऊ हजार, फेरी अवघी एक.

आता नेहमीच्या पद्धतीने उत्पन्नावर क्रम लावला तर अ पहिले, ड दुसरे, क तिसरे आणि ब शेवटचे. अ आगाराला १०० गुण दिले तर ड ला ७५, क ला ६० आणि घाटातल्या ब ला अवघे ५०. उद्याच्या बातमीत ब आगार 'निम्म्याच क्षमतेने चालणारे' म्हणून झळकणार.

डीईए मात्र वेगळे विचारते. प्रत्येक आगाराला ती मुभा देते, की दोन फलितांना किती वजन द्यायचे ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला सर्वांत सोयीचे पडेल ते निवडा. अट एकच. तीच वजने उरलेल्या आगारांना लावली असता कोणालाही १०० टक्क्यांपेक्षा जास्त गुण मिळता कामा नयेत. प्रत्येक आगारासाठी ही सर्वांत अनुकूल वजने शोधून काढण्याचे काम लिनिअर प्रोग्रॅमिंग करते.

ब आगार म्हणेल, माझी एक फेरी म्हणजे एक हजार रुपयांचे उत्पन्न समजा. मग त्याचे सहा आणि आठ मिळून १४ होतात. अ आगाराचेही बारा आणि दोन मिळून १४च होतात. क चे ११.२, ड चे १०. म्हणजे या मापाने अ आणि ब दोन्ही आगारे १०० टक्के कार्यक्षम ठरली. 'क'ने कोणतीही वजने निवडली, तरी त्याचे गुण ८०च्या वर जात नाहीत. त्याच्यासाठी हे उत्तर नुसता आकडा देऊन थांबत नाही, वाटही दाखवते. अ आणि ब यांची निम्मी-निम्मी पद्धत एकत्र केली, तर एका बसमागे नऊ हजार रुपये आणि पाच फेऱ्या निघतात. क आगार तेवढ्याच साधनांत सात हजार दोनशे आणि चार फेऱ्या काढते. तेव्हा त्याच्या व्यवस्थापकाने शिकायला जायचे ते या दोघांकडे.

उत्पन्नाच्या यादीत सर्वांत खाली असलेले घाटातले आगार येथे आघाडीवर आले आणि दुसऱ्या क्रमांकावर मिरवणारे 'ड' ७५ टक्क्यांवर, म्हणजे सर्वांच्या मागे गेले. कोणाचाही आकडा बदलला नाही. बदलले ते एवढेच, की आडगावची फेरी हेही काम आहे, असे हिशेबाने मान्य केले.

प्रत्येकाची बाजू ऐकणारे गणित

आपल्याकडील बहुतेक शासकीय क्रमवाऱ्या याच्या उलट पद्धतीने चालतात. उच्च शिक्षण संस्थांची 'एनआयआरएफ' क्रमवारी २०१६पासून प्रसिद्ध होते. तिच्या सर्वसाधारण गटात अध्यापन व शैक्षणिक साधनांना ३०, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या यशाला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० टक्के वजन, अशी विभागणी समितीने ठरवून दिलेली असते. ती सर्वांना सारखीच लागू होते. गडचिरोलीत २०११मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि पुण्यातले जुने विद्यापीठ एकाच तराजूत बसतात. यात पारदर्शकता आहे, हे नाकारता येणार नाही. पण आदिवासी जिल्ह्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत नेणे हेच ज्या संस्थेचे मुख्य काम, तिला ते काम पहिल्या क्रमांकाचे मानण्याची मुभा नाही.

डीईएची न्यायबुद्धी नेमकी येथे आहे. संशयाचा फायदा ती संस्थेला देते. त्यामुळे तिच्या निकालाला वेगळेच वजन येते. आपल्याच पसंतीच्या मापाने मोजूनही एखादे आगार ८० टक्क्यांवर अडकले, तर 'आमची परिस्थिती वेगळी' ही सबब सहज चालत नाही.

राजीव बँकर यांनी चार्न्स आणि कूपर यांच्यासह १९८४मध्ये या पद्धतीत एक महत्त्वाची भर घातली. तीस गाड्यांच्या आगाराला शंभर गाड्यांच्या आगाराचे फायदे मिळत नाहीत. तेव्हा तुलना करताना आकाराचा परिणाम वेगळा काढला पाहिजे, हे त्या सुधारणेचे सार. बँकर आणि रिचर्ड मोरे यांनी १९८६मध्ये फास्टफूड उपाहारगृहांच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जे घटक व्यवस्थापकाच्या हातात नाहीत, ते हिशेबात असावेत. पण ते बदलण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. एसटीच्या भाषेत सांगायचे तर घाट हिशेबात धरा, पण घाट सपाट करायला आगार व्यवस्थापकाला सांगू नका.

मर्यादाही तितक्याच खऱ्या

याचा अर्थ ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय आहे, असा मात्र नव्हे. तिचे गुण हेच तिचे दोषही होतात.

पहिला दोष मुभेचाच. वरच्या उदाहरणात ड आगाराला ७५ गुण मिळाले कसे? त्याने आडगावच्या फेऱ्यांना शून्य वजन दिले आणि केवळ उत्पन्नावर स्वतःला मोजून घेतले. गैरसोयीचे काम हिशेबातून गायब करण्याची ही पळवाट आहे. तिच्यावर उतारा म्हणजे वजनांना किमान मर्यादा घालणे. एका फेरीचे मोल एक हजार रुपयांपेक्षा कमी धरता येणार नाही, असे ठरवले की ड आगार ७१ टक्क्यांवर घसरते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात भौतिकशास्त्राच्या एका प्रचंड प्रयोगशाळेसाठी जागा शोधताना हाच अनुभव आला. सहा जागांची तुलना केली तर त्यांतल्या पाच १०० टक्के कार्यक्षम ठरल्या. निवड करायची ती कशी? वजनांवर मर्यादा घातल्यावरच निवड शक्य झाली. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून ही मर्यादांची रीत रूढ झाली.

दुसरा दोष संख्येचा. साधने आणि फलिते जितकी वाढवावीत, तितकी प्रत्येक संस्थेला आपला एखादा कोपरा सापडतो आणि सारेच उत्तीर्ण होतात. म्हणून तुलनेतील संस्थांची संख्या साधने व फलिते यांच्या बेरजेच्या किमान तिप्पट असावी, असा संकेत पाळला जातो. अडीचशे आगारांच्या तुलनेला हा निकष अडचणीचा नाही. चार-पाच महापालिकांच्या तुलनेला मात्र तो मारक आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. ही पद्धत आकड्यांवर विश्वास ठेवते, पूर्ण विश्वास. एखाद्या आगाराने कागदोपत्री न झालेल्या फेऱ्या दाखवल्या, तर ते खोटे आगार थेट सीमारेषेवर जाऊन बसते आणि प्रामाणिक आगारे त्याच्या तुलनेत ढिसाळ ठरतात. सरासरी काढताना एक चुकीचा आकडा इतर आकड्यांत विरघळतो. येथे तो इतरांचा मापदंड बनतो.

आणि शेवटची गोष्ट. येथील १०० टक्के म्हणजे उत्तम नव्हे. उपलब्ध असलेल्यांतले उत्तम. सगळीच आगारे सुस्त असतील तर त्यांतले कमी सुस्त आगार पहिले येईल. गाडी वेळेवर आली का, वाटेत बंद पडली का, प्रवाशाला उभ्याने यावे लागले का, हे आकड्यांत घातले नसेल तर उत्तरातही येणार नाही.

फलित कोणते, हे कोण ठरवणार?

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. गणिताला साधने आणि फलितांची यादी कोणीतरी पुरवावी लागते. ती यादी गणितातून निघत नाही. ती मूल्यांतून निघते.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९८१मध्ये 'फॉलो थ्रू'चे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा ७० शाळा-केंद्रांची तुलना केली होती. त्यांतली ४९ कार्यक्रमातली, २१ बाहेरची. फलिते तीन होती : वाचनातले गुण, गणितातले गुण आणि मुलांचा आत्मसन्मान. वंचित मुलाच्या मनात स्वतःविषयी निर्माण झालेला विश्वास हे शाळेचे फलित आहे, असे त्यांनी आधी मान्य केले आणि मग समीकरणे मांडली. साधनांत आईचे शिक्षणही धरले होते, म्हणजे ज्या शाळेत निरक्षर आयांची मुले येतात तिला त्याची शिक्षा होऊ नये.

त्या अभ्यासाने आणखी एक भेद केला. शाळा नीट चालवली गेली की नाही, ही झाली व्यवस्थापनाची कार्यक्षमता. आणि ती नीट चालवूनही मूळ योजनाच कितपत फलदायी आहे, ही झाली योजनेची कार्यक्षमता. दोन्ही वेगळ्या मोजायच्या. निष्कर्ष कार्यक्रमाला अनुकूल निघाला नाही. त्याच्या सरसपणाचा दावा त्या विश्लेषणात सिद्ध झाला नाही. मात्र शाळांच्या मुख्याध्यापकांचा दोष आणि योजनेचा दोष यांची गल्लत झाली नाही, ही त्याची खरी मिळकत.

फलित ठरवण्याने निकाल कसा फिरतो, याचे घरचे उदाहरणही आहे. अरुणव भट्टाचार्य, नॉक्स लव्हेल आणि पंकज सहाय यांनी १९८६ ते १९९१ या काळातील ७० भारतीय व्यापारी बँकांचा याच पद्धतीने अभ्यास केला. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरकारी बँका सर्वांत कार्यक्षम ठरल्या, त्यांच्यामागे परदेशी बँका आणि खासगी बँका सर्वांत मागे. उदारीकरणाच्या ऐन भरात हा निष्कर्ष अनेकांच्या समजुतीला धक्का देणारा होता. पण त्यात एक मेख आहे. व्याज आणि चालू खर्च ही साधने, तर कर्जे, गुंतवणुका आणि ठेवी ही फलिते, असे तेथे धरले होते. खेड्यापाड्यांत शाखा उघडून लोकांच्या ठेवी गोळा करणे हे बँकेचे फलित मानले, तर सरकारी बँका वर येणे स्वाभाविक आहे. ठेवी हा बँकेचा कच्चा माल आहे, असे मानणारा अर्थशास्त्रज्ञांचा दुसरा पक्षही आहे; त्याच्या यादीत चित्र वेगळे दिसू शकते. यात कोणी लबाडी करत नाही. बँक कशासाठी असते, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दोन्ही पक्षांच्या मनात असतात, इतकेच.

एसटी कशासाठी असते, याही प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून 'रस्ता तेथे एसटी' हे एक उत्तर आहे. 'महामंडळाने स्वतःच्या पायावर उभे राहावे' हे दुसरे. दोन्ही उत्तरे विधानसभेत एकाच तोंडाने दिली जातात. आगाराच्या हिशेबात मात्र फक्त दुसरे उतरते.

नॉर्वे आणि जर्मनीचा धडा

ही पद्धत विद्यापीठांच्या भिंतीआड राहिलेली नाही. नॉर्वेच्या वीज नियामकाने १९९७पासून वितरण कंपन्यांच्या कार्यक्षमतेसाठी डीईएचा आधार घेतला आणि कंपन्यांनी ग्राहकांकडून किती महसूल वसूल करावा, हे त्यावरून ठरू लागले. जर्मनीत २००९पासून वीज व वायू वाहिन्यांच्या कंपन्यांना हे तंत्र लागू झाले. तेथे डीईएच्या जोडीला दुसरी संख्याशास्त्रीय पद्धतही वापरली जाते, दोहोंतून कंपनीला अनुकूल असेल तो आकडा धरला जातो आणि कोणाचीही कार्यक्षमता ६० टक्क्यांखाली मानली जात नाही. गणितावर पैसा अवलंबून असेल तर गणिताच्या चुकीपासून संरक्षणही हवे, हे त्यांनी नियमातच लिहून ठेवले. कंपन्या निकालाला आव्हान देऊ शकतात. कारण कोणती साधने धरली, कोणती फलिते धरली, हे त्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे नेमकी हीच पायरी सुटते. आगाराला आपण तळाला का गेलो हे कळते, पण कोणत्या मापाने गेलो हे विचारता येत नाही. त्या आगारावर विसंबून असलेल्या प्रवाशाला तर दोन्ही कळत नाही.

सही कोणाची?

एसटीच्या कार्यक्षमतेचे मापन व्हायला हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. काही आगारांत गाड्या विनाकारण उभ्या राहत असतील, डिझेल जास्त जळत असेल, कार्यशाळेत कामे रेंगाळत असतील, तर ते दिसलेच पाहिजे. घाटाच्या आडोशाला आळस लपता कामा नये. डीईएसारखी पद्धत घाटातल्या एका आगाराची तुलना घाटातल्या दुसऱ्या आगाराशी करून तो लपू देत नाही, हाच तिचा मोठा उपयोग.

पण त्याआधी तीन गोष्टी व्हाव्या लागतील. आगाराचे फलित काय, याची यादी आकडे गोळा करण्याआधी जाहीर व्हावी आणि तिच्यात शाळेची मुले, सवलतीचा प्रवास, जोडलेली गावे, वेळेवर सुटलेल्या फेऱ्या यांना जागा असावी. आगारनिहाय आकडे लोकांना पाहता यावेत, म्हणजे कागदावरची फेरी आणि रस्त्यावरची फेरी यांतले अंतर गावकरीच दाखवून देतील. आणि व्यवस्थापनाचा दोष व धोरणाचा भार हे दोन रकाने वेगळे असावेत. पहिल्याचा जाब आगार व्यवस्थापकाला विचारावा, दुसऱ्याचा सरकारला.

वाडीवरची मुक्कामी गाडी परवडत नाही, असा निर्णय उद्या कदाचित घ्यावाही लागेल. तिजोरी अथांग नाही. परंतु तो निर्णय आहे, निष्कर्ष नव्हे. तो ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तो आपल्या सहीने घ्यावा आणि त्या वाडीला तसे सांगावे. 'अकार्यक्षम आगार' या शब्दांमागे उभे राहून तो घेतला गेला, तर दोष गणिताला लागेल आणि पहाटेच्या गाडीने शाळेला जाणारी मुले रस्त्याच्या कडेला वाट पाहत राहतील.